ओट्यातले पाहुणे

१

ताईचा दगड फोडायचा वार मंगळवार. सोमवारी बैठका, पत्रं आणि विद्यार्थ्यांची रडगाणी उरकायची, आणि मंगळवारी सकाळी अंगात जुना निळा कोट चढवून, कानात कापसाचे बोळे घालून प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर उतरायचं. छत्तीस वर्षांत हा नेम तिनं फारसा मोडला नव्हता. हाताखाली माणसं होती, पण फोडायचं काम ती कुणावर सोपवत नसे. "दगड पहिल्यांदा उघडतो तेव्हा माणसानं समोर असावं," असं ती म्हणायची. विद्यार्थी पाठीमागे हसायचे.

ती सगळ्यांचीच ताई होती. सख्खा भाऊ एकच, तोही दूरदेशी. पण शिपायापासून संचालकांपर्यंत कुणीच तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

काम असं: ग्रॅनाइट फोडायचा, चाळायचा, धुवायचा, मग जड द्रवात सोडायचा. हलकं वर तरंगतं, जड तळाशी बसतं. त्या तळाच्या गाळात झिरकॉनचे कण असतात, मिठाच्या कणाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं ते एकेक वेचायचे. ग्रॅनाइट झिजतो, त्याची माती होते, माती खोल गाडली जाऊन वितळते, तिचा पुन्हा ग्रॅनाइट होतो. झिरकॉन मात्र या सगळ्या धबडग्यातून साबूत निघतो. फार तर त्याच्यावर एक नवा थर चढतो, कांद्यासारखा. थरातल्या युरेनियमचं ठरल्या चालीनं शिसं होत जातं, त्यावरून थराचं वय कळतं. आणि त्यातल्या हाफ्नियमची भावंडं मोजली, म्हणजे मूलद्रव्य तेच पण वजनं वेगवेगळी असलेले अणू मोजले, की कळतं त्या थराचं घराणं. तो पृथ्वीच्या पोटातून नव्यानं वर आलेला माल आहे, की जुनंच कवच वितळून झालेला. खंड वाढले ते दर वेळी नवं पितळ आणून, की जुनी भांडी मोडीत घालून? या एका प्रश्नावर ताईचं आयुष्य गेलं होतं आणि तिची काही तक्रार नव्हती.

त्या मंगळवारी वयं मोजायच्या यंत्राला नवा लेझर बसवला होता. मोलाचे नमुने त्याच्या तोंडी देण्याआधी काहीतरी बिनमोलाचं देऊन बघायचं होतं. ताईनं टेबलावर नजर फिरवली. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला मुठीएवढा करडा तुकडा दिसला. आईच्या ओट्याचा तुकडा. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात नवं सिंक बसवताना गवंड्यानं कापलेला, आणि टाकवेना म्हणून आईनं तिला दिलेला.

"चला, आज तुमची पाळी," ती त्याला म्हणाली आणि खाली उतरली.

२

बाबांचं दगडाचं दुकान होतं. दुकान म्हणजे उघडं आवार. लाद्या भिंतीला टेकून पुस्तकांसारख्या उभ्या. दिवसभर पॉलिशच्या यंत्राची घरघर चालायची आणि संध्याकाळी बाबा भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी यायचे. आई त्यांना अंगणातच झटकायची, सतरंजी झटकावी तशी.

घर बांधलं तेव्हा ओट्यासाठी बाबांनी आठ फुटांची एक करडी लादी निवडली. गिऱ्हाइकांना हवी असायची काळीभोर, आरशासारखी. "काळा दगड थोबाड दाखवतो," बाबा म्हणायचे, "हा करडा स्वतःला दाखवतो." जाडजूड त्यांची बोटं त्या दगडावर फिरायची. हे पांढरं फेल्डस्पार, ही काचेसारखी गारगोटी, हे काळं चकचकीत अभ्रक. आणि अधूनमधून हे तळहाताएवढे गडद ठिपके, ते पाहुणे.

"पाहुणे का?"

"ग्रॅनाइट पातळ होता तेव्हा भिंतीचा एखादा तुकडा त्यात पडला. वितळून जायला हवा होता, पण राहिला. आला तो आलाच, परत गेला नाही. म्हणून पाहुणा."

"आत्यासारखा?" धाकट्या भावानं विचारलं होतं. आई तोंडाला पदर लावून हसली आणि बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पाहुणे तीन होते. मुलांनी त्यांना नावं दिली होती: बदक, टोपी आणि कासव. उन्हाळ्याच्या दुपारी दोघं ओट्यावर गाल टेकून पडायची, आणि दगड एवढा गार असायचा की कान दुखायला लागे. बाबा सिंकच्या बाजूला आपल्या ठरलेल्या स्टुलावर, डावं कोपर ओट्यावर टेकून, चहा बशीत ओतत. त्याच स्टुलावर, त्याच कोपरावर डोकं ठेवून सहा वर्षांपूर्वी ते गेले. आईला वाटलं, डुलकी लागली आहे. तिनं चहा पुन्हा गरम केला होता.

तळमजल्यावर दगड फोडायच्या यंत्राचे जबडे बंद झाले. ओट्याचा तुकडा फुटला तेव्हा ताईला उगाचच वाईट वाटलं. नुसता दगड काय, दुकानात ढिगानं होते. तरी नेमाप्रमाणे तिनं गडद कड आणि करडा भाग वेगवेगळे फोडले आणि दोन्हींची चिमूटभर भुकटी दोन डब्यांत काढून ठेवली.

३

यंत्रावरच्या मुलाला सगळे दशांश म्हणत. त्याला किती वाजले विचारलं तरी तो सेकंदांसह सांगायचा.

"ताई, तुमचा ओटा भारी निघाला," गुरुवारी तो म्हणाला. "गाभ्याची वयं तीनशे एकतीस कोटी वर्षं, पूर्णांक चार. बाहेरचा थर दोनशे बावन्न कोटी. हाफ्नियमवरून म्हणाल तर अस्सल मोडीचा माल. जुनंच कवच वितळून झालेलं."

"छान. म्हणजे लेझर ठीक आहे."

"लेझर ठीक आहे." तो घुटमळला. "नऊ कण सोडून."

त्यानं पडद्यावर चित्र आणलं. झिरकॉनचा छेद, आत वर्तुळं, झाडाच्या खोडासारखी. आणि अगदी बाहेर, एका बाजूला, केसाएवढी एक उजळ कड.

"या कडेचं वय?"

"शून्य."

"म्हणजे कमी?"

"कमी नाही. शिसंच नाही ताई. युरेनियम आहे, पण शिसं जमायला सुरुवातच झालेली नाही. नवजात."

ताई खुर्ची ओढून बसली. झिरकॉनचा थर चढायचा तर सातशे अंशांच्या वर उष्णता लागते, भोवती वितळलेला दगड लागतो, आणि एका थराला काही हजार वर्षं. आईच्या ओट्यावर यातलं काय होतं? गॅसची शेगडी होती. तीही दुसऱ्या टोकाला.

"कण बसवतो त्या रेझिनची घाण असेल," ती म्हणाली. "पुन्हा घासून घे. पुन्हा मोज."

"दोनदा घेतलं."

"तिसऱ्यांदा घे. माणसाला तीनदा विचारावं."

तिसऱ्यांदाही शून्यच आलं. सगळे नऊ कण तुकड्याच्या एका कडेचे होते, जिथे दगडात गडद डाग होता. ताईला तो डाग माहीत होता. गेली तीन वर्षं कागदांवर बसलेली ती बदकाची शेपटी, असंच ती धरून चालली होती.

४

संशयाला औषध म्हणजे दुसरी मोजणी. आता ताईनं डब्यांतली भुकटी काढून गडद डागातल्या फेल्डस्पारमधलं स्ट्रॉन्शियम मोजायला घेतलं. तेही घराणं सांगतं. दगडातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून माणसाच्या दातात. लहानपणी ज्या मातीतलं पाणी प्यालो, तिचा आकडा दातात जन्मभर राहतो.

हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं. शिकत असताना सरावासाठी दात आणा म्हणून सांगितलं होतं. आईनं डबीतून तिचा दुधाचा दात काढून दिला, आणि बाबांची त्याच आठवड्यात दाढ काढली होती, ती त्यांनी रुमालात बांधून मिरवत आणून दिली. ताईचा आकडा साधा आला, गावातल्या सगळ्यांसारखा. बाबांचं बालपण दूरच्या डोंगराळ मुलखात खाणीपाशी गेलेलं. त्यांचा आकडा वेगळाच, चढा. "माझ्या दाढेत पण ग्रॅनाइटच निघाला म्हणा!" ते आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

आयुष्यात मोजलेला पहिला आकडा माणूस विसरत नाही. बाबांच्या दाढेचा, शून्य पूर्णांक सात दोन एक नऊ चार.

शुक्रवारी दुपारी यंत्रानं ओट्यातल्या करड्या भागाचा आकडा दिला. या जातीच्या दगडाचा असावा तसाच, बराच वर. मग गडद डागाचा आकडा आला. ताईनं तो वाचला. उठून खिडकीशी गेली, परत आली आणि पुन्हा वाचला. सात दोन एक नऊ. चौथ्यानंतरचं घर पाहायचा तिला धीर झाला नाही, आणि दशांश ते मोठ्यानं वाचूनही मोकळा झाला.

"चार."

आकडे जुळतात, तिनं स्वतःला बजावलं. जगात दगड पुष्कळ, आकडे मोजके. बाबांच्या गावचा एखादा पाहुणा या लादीत पडला असेल, कोट्यवधी वर्षांपूर्वी. नवजात पाहुणा? ते नंतर बघू.

शनिवारी सकाळी तिनं गाडी काढली.

५

"न कळवता आलीस?" आईनं दार उघडून आधी तिच्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. सहज आले."

"सहज येणाऱ्यातली तू नव्हेस. चहा घे आधी."

स्वयंपाकघर होतं तसंच. तारेवर फडकी, खिडकीत कडीपत्त्याची कुंडी, घड्याळ दहा मिनिटं पुढे. ओट्यावर पावासाठी मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवलेलं. ताईनं चपला काढल्या आणि सरळ ओट्याशी गेली.

बदक शेगडीपाशी होतं. शेपटीसकट.

टोपी होती. कासव होतं. आणि पलीकडे, सिंकच्या कडेला, बाबांच्या स्टुलासमोर, चौथा होता. तळहाताहून थोडा मोठा, एका बाजूनं करवतीनं सरळ कापलेला.

"आई, हा केव्हाचा?"

"कोणता?"

"हा डाग."

"पहिल्यापासूनचा. दगडात डाग काय आज उगवतात? तूच शिकवतेस ना कॉलेजात?" आईनं पिठाचं भांडं उचलून त्या डागावर नीट बसवलं. "इथं पीठ लवकर फुगतं."

ताईनं हात ठेवला. ओटा सगळीकडे गार होता. इथं नव्हता. गरम म्हणावं असंही नाही. कुणी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखा. खिडकीतलं ऊन? ते दुसऱ्या भिंतीवर पडलं होतं. गरम पाण्याचा नळ? तिनं वाकून खालचं कपाट उघडलं. नळ समोरच्या भिंतीतून जात होता.

मागे वळली तेव्हा आई बोलता बोलता त्या डागावर तळवा टेकून उभी होती, जशी बायका दाराच्या चौकटीवर हात ठेवून शेजारणीशी बोलतात. मग चहा उतू जायला लागला म्हणून आईनं हात उचलला. बारीकसा आवाज झाला. पुस्तकावरची चिकटपट्टी हळूच सोडवावी तसा.

"हात चिकटतो का तुझा?"

"पिठाचा हात आहे," आई म्हणाली आणि दोन कप भरून झाल्यावर तिसराही भरला. तो तिनं स्टुलासमोर ठेवला. ताईनं काही विचारलं नाही. सहा वर्षं आई एकटी राहिली आहे, एकट्या माणसाला सवयी लागतात.

६

दुपारी तिनं कपाटातून फोटो काढले. धाकट्याचा सातवा वाढदिवस. तो ओट्यावर पाय सोडून बसलेला, तोंडाला साय लागलेली. शेजारी आई, केस काळे, हसू आवरत. किती सुंदर दिसायची. ताई स्वतः दोन वेण्यांत, रुसलेली, कारण काय ते आता आठवत नव्हतं. आणि बाबा स्टुलावर, डावं कोपर ओट्यावर.

बदक दिसत होतं, टोपी दिसत होती. चौथ्याच्या जागी कोपर होतं.

अकरा फोटो निघाले. कुठे कोपर, कुठे भांडं, कुठे कुणाची पाठ. त्या जागी नुसता दगड एकाही फोटोत नव्हता. बघता बघता ताई फोटोंतच रमली, आणि अर्ध्या तासानं भानावर आली तेव्हा आपण कशासाठी बसलो होतो हे तिला क्षणभर आठवेना.

तिनं धाकट्याला फोन लावला. आता तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, पण फोनवर आवाज तोच, सर्दी झाल्यासारखा.

"ओट्यावर पाहुणे किती होते रे?"

"हे विचारायला फोन केलास? चार ना?"

ताईच्या जिवात जीव आला. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय! बदक, टोपी, कासव, आणि..." तो थांबला. "चौथ्याला काय म्हणायचो आपण?"

"तूच सांग."

पलीकडे तो तीच तीन नावं पुन्हा पुटपुटला. जिन्याच्या पायऱ्यांना, दुकानातल्या कुत्र्यांना, शेजारच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागांनाही या दोघांनी नावं दिली होती.

"आठवत नाही गं," तो म्हणाला. "पण होता. मला तो दिसतोय ना डोळ्यांसमोर."

७

आईला आपल्याकडे न्यायचं ताईनं ठरवलं. आई नाही म्हणाली. ताईनं रजा टाकली आणि गुरुवारी गवंडी बोलावला, सिंकखाली गळतंय अशी थाप मारून. लादी उचलायची, कोपरा बदलायचा, बस. एकदा तो डाग घराबाहेर गेला की बाकीचं यंत्रात बघता येईल.

गवंडी जुना होता, बाबांच्या दुकानातून लाद्या नेणारा. त्यानं हातोडीनं ओटा वाजवत आणला. टण, टण, टण. डागापाशी आला आणि आवाज बसला. बद्द.

"आत पोकळ आहे का?" ताईनं विचारलं.

"पोकळ असा वाजत नाही." त्यानं पुन्हा वाजवलं, या वेळी अगदी हळू. "हा भरलेला वाजतोय. तुमच्या वडिलांनी लादी केवढी जाड लावली होती?"

"पावणेदोन इंच. जगाला सांगायचे."

"शेगडीकडे पावणेदोनच आहे." तो कपाटात डोकं घालून बोलत होता, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा. "इकडे वीतभर आहे. त्याच्याही खाली..." तो बाहेर आला, कपाळ पुसलं. "ताई, विटेला चिकटलेला दगड मी पाहिलाय. वीट दगड झालेली नाही पाहिली. बेचाळीस वर्षं या धंद्यात काढली."

त्यानं छिन्नी पिशवीत टाकली. मजुरी द्यायला ताई पाकीट आणेपर्यंत तो फाटकाबाहेर गेला होता.

मग बॅटरी घेऊन ताई स्वतः वाकली. डाळींचे डबे बाजूला केले. ओट्याखाली विटांचा खांब होता, बाबांनी स्वतः रचलेला. वरच्या तीन विटा करड्या झाल्या होत्या. चौथीच्या लाल मातीत फेल्डस्पारचे पांढरे दाणे उमलले होते, तांदूळ पेरल्यासारखे, आणि लाल कुठे संपतो, करडा कुठे सुरू होतो, ती रेघ सापडत नव्हती. हे चित्र तिनं तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. खोल जमिनीत वितळलेला ग्रॅनाइट आजूबाजूचा खडक असाच खातो, भिंत आपल्यात घेत घेत वर सरकतो. पण तिथं सातशे अंश असतात. इथं डब्यांवर कागदी चिठ्ठ्या होत्या आणि त्यांचा डिंकही सुटला नव्हता.

तिनं बॅटरी आणखी आत नेली. दोन पांढऱ्या दाण्यांच्या मध्ये एक वळण होतं. कानाच्या पाळीसारखं, मऊ. खालच्या टोकाशी, म्हाताऱ्या माणसांच्या पाळीला पडते तशी, एक तिरकी सुरकुती.

बॅटरी सरकली. पुन्हा उजेड टाकला तेव्हा तिथं नुसता दगड होता.

"तोडू नकोस," मागून आई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "तोडलंस तर हे बसतील कुठे?"

८

"मला आजचा दिवस दे," आई म्हणाली, आणि ताईनं दिला. आईच्या बोलण्यात विनवणी नव्हती. प्रवासाला निघताना घरातल्या कामांसाठी मागतात तसा तिनं दिवस मागितला.

सकाळी ताई उठली तेव्हा ऊन स्वयंपाकघरात आलं होतं आणि आई स्टुलावर बसली होती. गाल ओट्यावर, डोळे मिटलेले, एक हात डोक्याखाली. ताई धावली. "आई!" तिनं खांदा धरून ओढलं. गाल दगडावरून सुटताना तोच आवाज झाला, या वेळी लांब.

आईनं डोळे उघडले. गालावर दाण्यांचे ठसे उमटले होते, पांढरे, काळे.

"ओरडतेस काय? जागीच आहे." आई उठली, लुगडं सारखं केलं. तिला राग आला होता, पण ताईचा नव्हे. "नको म्हणतात."

"कोण?"

"कोण म्हणजे? आयुष्यभर हेच. गावाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, ‘तू थांब, मी पुढं होतो.’ झालं! आताही तेच. म्हणे लेकीकडे जा." तिनं पिठाचं भांडं धुऊन पालथं घातलं, इतक्या जोरात की घर वाजलं. "चल. माझी पिशवी भर. औषधं फडताळात आहेत."

ताई हसावं की रडावं या पेचात पिशवी भरत राहिली. गाडीत बसल्यावर आईनं घराकडे पाहिलंसुद्धा नाही. रुसलेली नवरी माहेरी निघाली होती. कुलूप ताईनं लावलं. लावण्याआधी ती एकदा आत गेली, ओट्याशी उभी राहिली, आणि कुणी पाहत नाही ना याची खात्री करून त्या डागावर गाल टेकला. बाबांच्या सदऱ्याला पॉलिशच्या भुकटीचा वास यायचा. तिला तो आला. किंवा आठवला, एवढा फरक करायचं त्या क्षणी तिच्या मनात नव्हतं. किती वेळ ती तशी होती हे तिनं मोजलं नाही. आईनं गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला तेव्हा ती निघाली.

९

आठ महिने गेले. आई ताईच्या घरी रुळली, थोडी भरलीसुद्धा. राग गेला. खालच्या मजल्यावरच्या बायकांशी तिचं इतकं जमलं की दुपारी ती घरात सापडेना. नऊ कणांचा निकाल ताईनं कुठे छापला नाही. दशांशला सांगितलं, नमुना दूषित होता. त्यानं मान डोलावली. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. मंगळवारी ती दगड फोडायला उतरत राहिली. हल्ली तिला पायऱ्या जड जायच्या, हात उचलायला उशीर लागायचा. वय झालं, दुसरं काय.

धाकटा सुट्टी काढून आला, घराचं काय करायचं ते बघायला. विमानतळावरून तो आधी घराकडेच गेला. फोन आला तेव्हा ताई प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरच्या बोळात होती, जिथं खिडकी नाही आणि उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

"ताई, सगळं तसंच आहे गं." त्याचा आवाज भरून आला होता. "घड्याळ बंद पडलंय, पण दहा मिनिटं पुढेच असणार ते. मी स्वयंपाकघरात आहे. बदक आहे, टोपी आहे. बाबांच्या स्टुलावर बसलोय."

"उठ तिथून."

"का? छान वाटतंय. आणि ऐक, आपण दोघं चुकलो होतो. चार नाहीत. पाच आहेत."

ताईनं भिंतीला हात लावला.

"पाचवा कुठे आहे?"

"खिडकीकडच्या टोकाला. तू पाटी घेऊन अभ्यासाला बसायचीस ना, तिथं. लहानसाच आहे. गंमत म्हणजे जरा उबदार लागतो हाताला."

"हात लावू नकोस त्याला."

"लावलाय की केव्हाचा. फोन केला तेव्हापासून."

तेव्हा ताईच्या लक्षात आलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी उबदार होतं. फोन वाजल्यापासून होतं. तिला वाटलं होतं, ऊन आहे. तिनं मागे वळून पाहिलं. बोळ रिकामा होता. पाठीवर एक तळवा होता, पाचही बोटं वेगवेगळी कळत होती. धाकटा लहान असताना अंधाराला घाबरायचा, आणि ती शेजारी आहे ना हे कळावं म्हणून झोपेत तिच्या पाठीवर हात ठेवायचा. त्याला झोप लागली की हात जड होत जायचा आणि ती कूस न बदलता पडून राहायची, तो जागा होऊ नये म्हणून.

तिनं खांदा हलवायचा प्रयत्न केला. खांदा हलला, पण फार उशिरानं.

"ताई? आहेस ना? तू म्हणतेस तर काढतो हात."

तिच्या ओठांवर ‘काढ’ आलं होतं. बोळाच्या टोकाला दगड फोडायचं यंत्र कुणीतरी सुरू केलं, जमीन बारीक थरथरायला लागली, आणि तिला फार दिवसांत लागली नव्हती तशी झोप आली.

"राहू दे," ताई म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."